बाबांच्या उपचारांविषयी

ताळगाव,
रविवार

तीर्थरूप बाबा आणि आई यांस साष्टांग नमस्कार.

तुम्हाला न विचारता मी डॉक्टरांना होकार कळवला, हे आधीच सांगून टाकतो. रागवायचे असेल तर इथे आल्यावर रागवा. शस्त्रक्रिया लगेच होणार नाही. आधी पाच आठवडे, सोमवार ते शुक्रवार, असे 25 दिवस किरणोपचार आणि सोबत केमोच्या गोळ्या, मग दोन-अडीच महिने थांबून शस्त्रक्रिया. "गाठ आहे तर काढून टाका, वाट कसली बघता?" हे बाबांचे बोलणे मी दोन रात्री डोक्यात घोळवले. पण गाठ गुदाशयात बरीच खाली आहे. ती आकसली तर काढणे सोपे जाते आणि शौचाचा मार्ग राखण्याची आशा वाढते. जर्मनीतील 2004 सालच्या अभ्यासात, हे उपचार शस्त्रक्रियेनंतर घेतलेल्यांपैकी 13 टक्के रुग्णांत पाच वर्षांत त्याच जागी रोग उलटला, आधी घेतलेल्यांत 6 टक्के. शौचासाठी पोटावर लावायच्या पिशवीचा विषय मी टाळत नाही. लागलीच तर बहुधा काही महिन्यांपुरतीच लागेल, असे डॉक्टर म्हणाले.

वाळपईहून बांबोळीच्या इस्पितळात रोज कदंबा बसचे हेलपाटे नकोत. आमची खालची खोली रिकामी केली आहे, संडास तिला लागूनच आहे आणि खिडकीतून फणस दिसतो. कुळागराचे, म्हणजे सुपारीच्या बागेचे, शिंपणे काका बघतील, त्यांच्याशी बोललो आहे.

आई, गोळ्या उघड्या हाताने काढून देऊ नकोस, बाबांनीच घ्याव्यात, सकाळ-संध्याकाळ खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत. चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. जुलाब झाले, तळहात-तळपाय लाल होऊन चुरचुरले, तर काढा न देता मला उठव, रात्र असली तरी. बाबा, किरणांची जागा कळावी म्हणून कमरेवर शाईच्या खुणा करतील, त्या पुसू द्यायच्या नाहीत. काथ्याने अंग घासण्याची तुमची सवय तेवढे दिवस बंद.

शाळेत टोचायला आले होते तेव्हा तुम्ही माझ्या मुठीत एक सुपारी देऊन "ही घट्ट धर" म्हणाला होता. सुई कधी टोचली ते मला कळलेच नाही. उद्या सकाळी सात वाजता गाडी घेऊन येतो. पेजेसाठी उकडे तांदूळ आईने बांधून ठेवावेत, आणि खळ्यातली एक सुपारी माझ्यासाठी काढून ठेवा.

तुमचा,
बाबू