समेवर थाप नाही, म्हणून ठोका एकसुरी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला जमैकाचा रेगे गायक बर्निंग स्पिअर (खरे नाव विन्स्टन रॉडनी) याच्या ‘मार्कस गार्वी’ (१९७५) या अल्बमवरचा लेख वाचला. लेखकाला त्यातला ठोका ‘एकसुरी’ वाटला, त्याबद्दल पुढे लिहितो. त्यात कृष्णवर्णीयांचे जमैकन नेते गार्वी यांना, इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांना देव मानणाऱ्या रास्ताफारी पंथाचे संस्थापक ठरवले आहे, ते चूक. रास्ताफारी त्यांना द्रष्टा मानतात. खुद्द गार्वींनी १९३७ साली याच सेलासींवर जाहीर टीका केली होती.

‘ओल्ड मार्कस गार्वी’ हे गाणे लेखात एका ओळीत उरकले, याचे नवल वाटले. १९६४मध्ये गार्वींचे अवशेष लंडनहून जमैकात आणले गेले, त्यांना पहिले राष्ट्रीय वीर घोषित केले गेले. आणि ११ वर्षांनी त्यांच्याच गावचा, सेंट ॲन्स बेचा, विन्स्टन रॉडनी गातो की बोगल, गॉर्डन, मॅन्ली, बुस्टामांटे या जमैकाच्या सगळ्या नेत्यांची नावे निघतात, गार्वी कुणाला आठवत नाही!

आता ‘एकसुरी ठोका’. रूट्स रेगे, म्हणजे या अल्बमच्या धाटणीचे रेगे; त्याच्या ‘वन ड्रॉप’ या ठेक्यात चार मात्रा मोजा. पहिलीवर बास ड्रम गप्प. तिसरीवर बास ड्रम आणि स्नेअर या छोट्या ड्रमच्या कडेवरची काठी एकदम पडते. गिटारचा तुटक खटका दुसरी-चौथीवर. समेवर थाप शोधणारा आपला कान इथे चकतो. त्यात ऐकणे फोनच्या स्पीकरवर! बास गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झला बोलते; एवढा खर्ज त्या स्पीकरमधून निघत नाही. अल्बमवरचे बासवादक रॉबी शेक्सपिअर आणि ॲस्टन बॅरेट यांचे वादन गळते, उरतो नुसता खटका. हेडफोन लावावेत, कानातले असतील तर बोंडे घट्ट बसवावीत, सैल राहिली की पुन्हा खर्ज जातो. ‘बास बूस्ट’ मात्र बंद. त्याने खर्ज फुगतो आणि ट्रॉम्बोन गढूळ होतो.

शिवाय अल्बमच्या आवृत्त्या दोन आहेत. निर्माते जॅक रूबी यांनी जमैकात केलेले ध्वनिमिश्रण परदेशी बाजारासाठी आयलंड या रेकॉर्ड कंपनीने बदलले, काही गाण्यांचा वेगही वाढवला. रॉडनी नाराज झाला, पुढे त्याने स्वतःचे रेकॉर्ड लेबल काढले. टेपचा वेग सुमारे ६ टक्के वाढला की काळी एकची पांढरी दोन होते, इतका सूर चढतो. दोन्ही आवृत्त्या मिळाल्या तर पेटी घेऊन एकाच गाण्याचा षड्ज लावून पाहावा. फरक असेल तर लगेच कळतो.

लेखकाने यातली कोणती ऐकली, तेवढे पुढच्या अंकात छापावे.

– एक वाचक, मिरज