वंशावळीतल्या लग्नांच्या नोंदी अर्ध्या ठेवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एका पितळी डब्यामुळे हे पत्र लिहायला बसले आहे. गेल्या वर्षी आमचे जुने घर उतरवायचे ठरले, तेव्हा माळ्यावरची भांडी वाटणीला काढली. त्यातला लाडवांचा मोठा डबा माझ्या वाट्याला आला. चिंच लावून घासला तेव्हा झाकणाच्या कडेला टिंबाटिंबांनी घातलेले नाव दिसू लागले: 'चि. सौ. कां. द्वारका हीस मामांकडून, वै. शु. ७ शके १८५९'.

आमच्या घराण्यात द्वारका नावाचे कोणी नाही, ना लेक, ना सून. हे मी खात्रीने म्हणू शकत होते, कारण दोन वर्षांपासून मी आणि माझा पुतण्या घराण्याची छापील वंशावळ संगणकावर उतरवत आहोत. पुस्तकातली पाने न् पाने मी मोठ्याने वाचते आणि तो 'ग्रॅम्प्स' नावाच्या मोफत प्रणालीत भरतो. सगळी नावे आता माझ्या तोंडात बसली आहेत.

मी सदतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. हजेरीपटात एक नाव चुकले की पुढचे सगळे कागद चुकत जातात, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी डबा बाजूला ठेवला नाही. 'सौ. कां.' म्हणजे सौभाग्यकांक्षिणी, अजून लग्न न झालेली मुलगी. म्हणजे डब्यावरचे नाव माहेरचे होते, आणि लग्नात नाव बदललेली ती मुलगी आमच्या वंशावळीत दुसऱ्याच नावाने असणार, हे उघड होते. यजमानांच्या आत्याबाई आता ब्याण्णव वर्षांच्या आहेत. त्यांना फोन केला. त्या लगेच म्हणाल्या, "अगं, ती आमची थोरली वहिनी. इकडे सरस्वती. तिचा भाऊ भाऊबीजेला यायचा तो तिला द्वारकीच म्हणायचा."

झाले, सरस्वतीकाकूंचे माहेरचे नाव सापडले आणि लग्नाची मितीही. शके १८५९चा वैशाख म्हणजे मे १९३७. आम्ही आनंदाने दोन्ही भरले. त्या प्रणालीत माहिती तपासून चुका दाखवण्याची सोय आहे. ती चालवली तर थोरल्या काकांच्या, म्हणजे सरस्वतीकाकूंच्या यजमानांच्या, कुटुंबापुढे खूण उमटली. त्यांचा थोरला मुलगा १९३५चा, म्हणजे आईबापांच्या लग्नाच्या दोन वर्षे आधीचा.

पुतण्या म्हणाला, "काकू, डब्यावरचा आकडा तुम्ही चुकीचा वाचला असेल. १८५५ असेल. तसं टाकू, खूण जाईल." मी त्याला थांबवले. डब्याच्या झाकणावर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल फिरवली. कागदावर शेवटचा आकडा स्वच्छ आला: नऊ. डबा बरोबर होता, मुलाची जन्मतारीखही शाळेच्या दाखल्यावरची होती. मग चूक कुठे होती?

पुन्हा आत्याबाईंना विचारले. या वेळी फोनवर नाही, मी त्यांच्याकडे गेले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सरस्वतीवहिनी दुसरेपणाची. पहिली बाळंतपणात गेली. पोर वाचलं. वहिनीनं ते पोटच्यासारखं वाढवलं, म्हणून कुणी बोलत नसे. पण अविधवा नवमीला आमच्याकडे सवाष्ण जेवायला असायची. मी लहान होते, मला वाटायचं सगळ्यांकडेच असते."

अविधवा नवमी म्हणजे पितृपक्षातली, भाद्रपद वद्य नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी त्या दिवशी सवाष्णीला जेवू घालतात. म्हणजे घर तिला विसरले नव्हते, वंशावळ विसरली होती. पुस्तकात काकांच्या नावापुढे 'पत्नी: सरस्वती' एवढेच आहे, आणि त्याखाली चारही मुले तिचीच म्हणून.

तिचे नाव कसे मिळाले, ते सांगते, कारण इतरांनाही त्याचा उपयोग होईल. काकांच्या धाकट्या मुलाने श्राद्धापक्षासाठी नावे लिहून ठेवलेली वही त्याच्या सुनेने जपली होती. भटजींना ओळीने नावे सांगावी लागतात, म्हणून अशी वही बऱ्याच घरांत असते. वडील, आजोबा, पणजोबा, मग आई, आजी, पणजी, आणि त्यांच्याबरोबर 'सापत्नमाता: पार्वती'. हीच ती. त्याच वहीत पुढे 'मातामह' म्हणून आईच्या वडिलांचे, आजोबांचे, पणजोबांचे नाव, गोत्रासकट. छापील वंशावळीत सुनेच्या माहेरचा जो पत्ता नाही, तो या चार आण्याच्या वहीत तीन पिढ्यांचा होता. द्वारकेच्या वडिलांचे नाव असे मिळाले.

आता संगणकावर काकांची दोन लग्ने वेगवेगळी नोंदली आहेत. या कामात मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे तिथे मूल बापाच्या नावाखाली लटकत नाही. लग्न ही स्वतंत्र नोंद असते. तिच्या एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला बायको, आणि मुले त्या नोंदीखाली. त्यामुळे लग्न अर्धवट नोंदले की आईच बदलते. आपल्याकडे पूर्वी बाळंतपणात बायका जात आणि पुरुष लगेच दुसरे लग्न करत, म्हणून अशी किती मुले चुकीच्या आईच्या नावावर असतील, याचा विचार वंशावळ करणाऱ्यांनी करावा. महर्षी कर्व्यांचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ साली गेल्या आणि १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. त्या पुढे आनंदीबाई झाल्या. 'पत्नी: आनंदीबाई' एवढेच लिहून मोकळे झालो तर राधाबाईंचा मुलगा रघुनाथ आनंदीबाईंचा होऊन बसतो. शिवाय गोदूबाई स्वतः विधवा होत्या, म्हणजे त्यांच्या बाजूनेही आधीचे एक लग्न नोंदायला हवे. न्यायमूर्ती रानड्यांच्या रमाबाई माहेरच्या यमुना कुर्लेकर, आणि त्याही दुसऱ्या पत्नी. ही नावाजलेली घरे, त्यांची चरित्रे आहेत म्हणून आपल्याला हे कळते. आमच्या पार्वतीचे चरित्र कोणी लिहिले नाही.

अनेक घराण्यांची कुलमंडळे आहेत. संमेलने भरतात, कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्त्या निघतात, आणि आता तरुण मुले हे सगळे संगणकावर आणत आहेत. त्यांच्यासाठीच हे पत्र. आमच्या मंडळाने माहितीसाठी जो नमुना वाटला त्यात पुरुषाचे शिक्षण, नोकरी, पुरस्कार यांना भरपूर जागा आहे. 'पत्नीचे नाव' याला एक ओळ. 'मुली' या रकान्यात आकडा घालायचा. जुन्या पुस्तकात माझ्या तीन नणंदांबद्दल 'कन्या ३, विवाहित' असे आहे. त्यांपैकी एकीचे लग्न आंतरजातीय होते म्हणून नाव टाळले आणि मग तिघींचीच टाळली, असे मला नंतर कळले. त्या तिघींनी आईवडिलांची शेवटपर्यंत सेवा केली. मला याचे फार वाईट वाटते आणि ते मी मंडळाला लेखी कळवले आहे.

नमुना बदला. प्रत्येक लग्नासाठी, मग ते लेकाचे असो वा लेकीचे, माहेरचे पूर्ण नाव, लग्नानंतरचे नाव, तिच्या आईचे आणि वडिलांचे नाव, गाव, लग्नाची मिती किंवा तारीख, लग्न कुठे लागले, आणि कितवे, एवढे विचारा. तिच्या आईचे नाव मुद्दाम म्हणते. ते विचारायची आपल्याला सवयच नाही. लग्न मोडले असेल तर तेही लग्नच होते, ते खोडू नये. मात्र हयात माणसांच्या बाबतीत त्यांना विचारल्याशिवाय काही छापू नये, विशेषतः घटस्फोट आणि तारखा. आम्ही हयात माणसांची माहिती वेगळी ठेवली आहे आणि ती व्हॉट्सॲपवर फिरवत नाही.

तारखांबद्दल थोडे सांगते, कारण आमच्याही चुका झाल्या. शकाचा इसवी सन करताना आपण डोळे झाकून ७८ मिळवतो. पण माघ-फाल्गुनातली लग्ने जानेवारी ते मार्च या महिन्यांत पडतात आणि तेव्हा इंग्रजी साल बदललेले असते. तिथे ७९ मिळवावे लागतात. पौष तर दोन्हीकडे पडू शकतो. आपली कितीतरी लग्ने माघ-फाल्गुनातली, त्यामुळे आमच्या नोंदींत पाच-सहा लग्ने सरसकट एक वर्ष मागे गेली होती. दुसरे, नुसते साल माहीत असेल तर काही जण १ जानेवारी टाकतात. तसे करू नये. पुढच्या माणसाला ती खरी तारीख वाटते. ग्रॅम्प्समध्ये 'सुमारे', 'पूर्वी', 'नंतर' असे नोंदता येते. जेवढे माहीत तेवढेच लिहावे. आणि एखादे जुने लग्न श्रावणात किंवा भाद्रपदात दिसले तर पुन्हा तपासावे. चातुर्मासात आपल्याकडे लग्ने लागत नसत, तुळशीचे लग्न झाल्यावरच मांडव पडत. आमच्याकडे असे एक 'श्रा. शु. ५' निघाले. मूळ पत्रिका पाहिली तर तो फाल्गुनाचा 'फा.' होता, शाई फुटलेली होती.

जुन्या लग्नपत्रिकांवर पुष्कळदा साल नसते. पण तिथी, वार आणि तारीख तिन्ही असतील तर जुन्या पंचांगावरून साल काढता येते. आहेराच्या वह्या टाकू नका. त्यात मुलीकडच्या पाहुण्यांची नावे गावासकट असतात. फोटोंची मागची बाजू पाहा. नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पूर्वजांनी स्वतः सांगितलेली नावे असतात, बायकांचीही. आणि भांडी मोडीत घालण्यापूर्वी एकदा घासून वाचा. आमच्या वाटणीच्या दिवशी दोन घागरी आणि एक परात वजनावर गेली. त्यांवर काय होते ते आता कधीच कळणार नाही.

लग्नाची तारीख म्हणजे हौसेची गोष्ट नव्हे. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा हक्क दिला तेव्हा २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. २००५च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. मधल्या अकरा वर्षांत एका तारखेने बहिणी-बहिणींत फरक पडत होता. वारसनोंदीसाठी आजही वंशावळ मागतात आणि लेकीचे सासरचे नाव माहेरच्या नावाशी जुळवता आले नाही की हेलपाटे सुरू होतात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात गावोगावी मोडी कागद बाहेर निघाले, घरोघरी वंशावळी लिहिल्या गेल्या. त्या बापाकडून मुलाकडे अशाच जातात, कारण दाखल्याला तेवढेच लागते. पण कागद काढलेच आहेत, वडीलधारी माणसे बोलती झालीच आहेत, तर त्याच बैठकीत बायकांची नावेही उतरवून घ्यावीत.

राज्याच्या १९९८च्या कायद्याने विवाहनोंदणी सक्तीची झाली. गावात ग्रामपंचायतीत ती होते. त्यानंतरच्या लग्नांचे दाखले मिळतील. त्याआधीची बहुतेक लग्ने मात्र माणसांच्या आठवणीत आहेत, आणि ती माणसे आता नव्वदीला टेकली आहेत. मी आत्याबाईंकडे दर पंधरा दिवसांनी जाते. एका वेळी एकच घर घेते. वही पुढे धरत नाही, आधी चहा होतो. "तिचं माहेर कुठलं?" असे विचारले की त्यांना नाव आठवत नाही. "तिच्या माहेरहून काय यायचं?" म्हटले की आठवते. कोणाकडून आंबे, कोणाकडून आंबेमोहोर तांदूळ, आणि मग गाव, आणि मग आडनाव.

पार्वतीच्या माहेरचा रकाना अजून रिकामा आहे. तिचा मुलगा, माझे थोरले चुलत दीर, नोकरीनिमित्त बाहेर राहिले आणि तिकडेच वारले. त्यांनी आईचे पक्ष केले असतील तर त्यांच्या वहीत 'मातामह' म्हणून तिच्या वडिलांचे नाव असणार. त्यांच्या मुलीचा पत्ता मागच्या आठवड्यात मिळाला. तिला मी पत्र टाकले आहे. तिला कदाचित हेही माहीत नसेल की सरस्वती तिची सख्खी आजी नव्हती, म्हणून ते पत्र मी तीनदा लिहिले आणि त्यात डब्याच्या कागदावरची ती पेन्सिलीची नक्कल ठेवली. उत्तराची वाट पाहत आहे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
वाई, जि. सातारा