ओतण्याआधी मोजणी तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुचाकीच्या देखभालीविषयी जे सल्ले छापून येतात, त्यांत ‘इंजिन ऑइलची पातळी नियमित तपासा’ हे वाक्य हमखास असते. तपासायची कशी, हे मात्र क्वचितच सांगितलेले असते. मग पातळी चुकीची वाचली जाते आणि ठाकठीक इंजिनात वरून आणखी ऑइल पडते. ‘गाडी ऑइल खाते’ या तक्रारीत इंजिनाला दोष देण्याआधी मोजणी तपासावी, एवढ्यासाठी हे पत्र. (फोर-स्ट्रोक गाड्यांपुरतेच, टू-स्ट्रोकचा हिशेब वेगळा.)

पहिली गफलत स्टँडची. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते आणि चेंबरमधले ऑइलही डावीकडे सरकते. बऱ्याच इंजिनांत डिपस्टिक (ऑइल मोजायची खुणांची काडी) किंवा पातळीची काच उजव्या अंगाला असते. तिथे ऑइल पोचतच नाही आणि काडी जवळजवळ कोरडी निघते. ज्या गाडीला मेन स्टँड आहे तिची पातळी सपाट जमिनीवर, मेन स्टँडवरच पाहावी. मेन स्टँड नसेल तर एकाने गाडी सरळ धरावी आणि दुसऱ्याने वाचावे. मागचे चाक उचलणाऱ्या गॅरेजच्या स्टँडवर गाडी पुढे झुकते, तेही वाचन धरू नये. अपवाद एकच, कंपनीच्या पुस्तिकेत वेगळे लिहिले असेल तर.

दुसरी गफलत वेळेची. नुकतेच बंद केलेल्या इंजिनात बरेचसे ऑइल वर हेडमध्ये, क्लचमध्ये आणि फिल्टरमध्ये अडकलेले असते. लगेच काडी काढली तर पातळी कमी दिसणारच. बहुतेक कंपन्यांची पद्धत साधारण सारखीच आहे : इंजिन ३ ते ५ मिनिटे रेस न देता चालू ठेवायचे, बंद करायचे, २-३ मिनिटे थांबायचे आणि मग पाहायचे. सकाळी थंड इंजिनात दिसणारी पातळी आणि ही पातळी यांत फरक पडतो, तो दोषामुळे नव्हे. एक लिटर ऑइल ६० अंशांनी तापले की सुमारे ४० मिलीने फुगते. ड्राय संप इंजिनांत, म्हणजे ज्यांचे ऑइल वेगळ्या टाकीत असते त्यांत, तर गाडी रात्रभर उभी राहिली की टाकीतले ऑइल पंपातून झिरपून इंजिनाच्या तळाशी क्रँककेसमध्ये उतरते आणि टाकी रिकामी भासते. अशा इंजिनात थंडपणी पाहून ऑइल भरणे म्हणजे हाताने बिघाड ओढवून घेणे. आधी इंजिन चालवून ऑइल टाकीत परत येऊ द्यायचे.

डिपस्टिक आट्यांची असेल तर ती फिरवून आवळायची की नुसती टेकवायची, हा प्रश्न किरकोळ वाटतो. तो तसा नाही. अनेक इंजिनांत ती आटे न फिरवता भोकावर टेकवून मोजायची असते. काही कंपन्या पूर्ण आवळून मोजायला सांगतात. आट्यांच्या उंचीएवढा फरक थेट वाचनात येतो. टेकवायची काडी आवळली तर ऑइल जास्त दिसते आणि कमी ऑइलवर गाडी पळत राहते. आवळायची काडी नुसती टेकवली तर उलटे होते. हरवलेल्या काडीच्या जागी दुसऱ्या मॉडेलची काडी बसवलेली असेल, तर ती आट्यांत चपखल बसूनही लांबीला वेगळी असू शकते. मग पुढची सगळी वाचने बिनकामाची. शंका आली तर मूळ भागाशी लांबी ताडून पाहावी.

काडी पहिल्यांदा काढली की फक्त पुसायची, वाचायची नाही, कारण भोकाच्या कडेचे ऑइल तिला लागलेले असते. पुसायला धागे न सुटणारे कापड घ्यावे. कॉटन वेस्टचे तंतू आत गेले तर पंपाच्या जाळीवर जाऊन बसतात. दुसऱ्यांदा बुडवून काढल्यावर दोन्ही बाजू पाहाव्यात. एका बाजूला ऑइल वर चढलेले दिसले, तर खालची रेघ खरी मानावी आणि पुन्हा एकदा मोजावे. नवे ऑइल इतके स्वच्छ असते की रेघ उमटलीच नाही असे वाटते. काडी तिरप्या उजेडात धरली की कड दिसते.

काचेतून पाहायचे असेल तर वेगळा फसवा प्रकार आहे. जुनी काच आतून तांबूस होते आणि ऑइल नसतानाही भरलेली वाटते. गाडी सरळ धरून किंचित डावी-उजवीकडे झुकवावी. रेघ हलताना दिसली तर ती ऑइलची. काहीच हलत नसेल तर पातळी काचेच्या वर आहे, खाली आहे किंवा काचच डागाळली आहे. तिन्ही शक्यता तपासल्याशिवाय बाटलीचे बूच उघडू नये.

जास्त ऑइलने काय बिघडते, असे विचारणारे पुष्कळ आहेत. पातळी वर गेली की फिरता क्रँक ऑइलमध्ये बुडतो आणि त्याला घुसळून फेस काढतो. पंप ऑइलबरोबर हवाही ओढतो, टॅपेटचा आवाज वाढतो, इंजिन जड चालते आणि तापते. ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या, नळीतून ऑइल एअर फिल्टरच्या डब्यात जाते. अनेक गाड्यांत या डब्याखाली बूच लावलेली छोटी पारदर्शक नळी असते. तीत काळे ऑइल साचलेले दिसले तर आधी पातळी पाहावी. जास्तीचे ऑइल बारीक नळी लावलेल्या सिरिंजने भरण्याच्या भोकातून ओढून घेता येते.

न भरताच पातळी वाढत असेल तर ते मात्र गंभीर आहे. काडीचा वास घ्यावा. पेट्रोलचा वास येत असेल आणि ऑइल पातळ झाले असेल, तर कार्ब्युरेटरची फ्लोट नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) गळते आहे आणि पेट्रोलचा कॉक चालू राहिल्याने पेट्रोल सिलिंडरमधून, पिस्टनच्या रिंगांशेजारून खाली उतरते आहे, अशी दाट शंका घ्यावी. ते इंजिन चालू करू नये. नीडल दुरुस्त करून ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलावेत. बुचाखाली थोडासा दुधाळ थर दिसला तर घाबरायचे कारण नाही. अगदी जवळच्या फेऱ्यांमुळे इंजिन पुरते तापत नाही आणि आतली वाफ थंड होऊन तो बनतो. लिक्विड-कूल्ड गाडीत सगळेच ऑइल दुधाळ झाले असेल तर वॉटर पंपाचे सील किंवा हेड गॅस्केट तपासायला हवे.

या साऱ्यातून गेल्यावरही पातळी खरोखर घटत असेल, तर आधी बाहेरची गळती शोधावी : ड्रेन बोल्ट, क्लच कव्हरचे गॅस्केट, टॅपेट कव्हरची ओ-रिंग, गिअर लिव्हरच्या शाफ्टचे सील आणि पुढच्या स्प्रॉकेटमागचे सील. हे शेवटचे सील चेनच्या वंगणाच्या चिखलात लपते, म्हणून तिथे पुसून मगच पाहावे. बाहेर काही नसेल तर सायलेन्सर पाहावा. गाडी उभी राहून चालू करताच क्षणभर निळा धूर आला तर व्हॉल्व्ह सील, आणि रेस देताना सतत येत राहिला तर बहुधा रिंगा. ऑइल दाबाचा दिवा पेटण्याची वाट पाहू नये. तो दाब दाखवतो, पातळी नव्हे, आणि बऱ्याच लहान गाड्यांना तो नसतोच.

भरताना ५० ते १०० मिली एवढेच ओतून, मिनिटभर थांबून पुन्हा मोजावे. १०० ते १२५ सीसीच्या बहुतेक इंजिनांत एकूण ऑइलच एका लिटरच्या आसपास असते, म्हणजे २०० मिलीची चूक हा पाचवा हिस्सा झाला. गिअरच्या बहुतेक मोटारसायकलींत त्याच ऑइलवर गिअरबॉक्स आणि क्लचही चालतात, म्हणून वेट क्लचच्या (ऑइलात बुडालेल्या क्लचच्या) गाडीत बाटलीवर जेएएसओ या जपानी मानकाची एमए किंवा एमए२ ही खूण पाहावी. एमबी खुणेच्या ऑइलने असा क्लच घसरू शकतो.

पुस्तिकेत ऑइलचे दोन-तीन आकडे असतात : नुसते बदलताना, फिल्टरसह बदलताना आणि इंजिन खोलल्यावर. यांतला शेवटचा सर्वांत मोठा, कारण नुसते काढताना थोडे ऑइल आत उरतेच. गॅरेजमध्ये पूर्ण बाटली उपडी करण्याची सवय आहे, उरलेले ऑइल कुठे ठेवायचे म्हणून. गिऱ्हाइकाने आपल्या गाडीचा आकडा सांगावा, मापानेच भरायला लावावे, इंजिन चालवून-थांबवून पातळी स्वतः पाहावी आणि उरलेली बाटली घट्ट बूच लावून घरी न्यावी.

आपला,
दुचाकी दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक