प्रश्न विचारायचा पगार

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

काकांनी विचारलं, "पोरगी कॉम्प्युटरवर करते तरी काय?" आणि बाबा म्हणाले, "प्रश्न विचारते, त्याचा पगार घेते." आईनं फोनवर सांगितलं तेव्हा हसले. बाबा, बिझनेस ॲनालिस्टचं काम इतक्या थोडक्यात आमच्या ट्रेनिंगमध्येही कुणी सांगितलं नव्हतं.

सध्या एका दूध संघाच्या संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करतोय. प्रोग्रॅम लिहिणारी पोरं वेगळी. संघाला काय हवंय ते मी समजून घेते, त्या पोरांना समजेल असं लिहून देते आणि तयार झालं की केंद्रावर नेऊन तपासून घेते. मधेच संघाच्या साहेबांना काही नवं सुचतं, तेव्हा "हे पुढच्या टप्प्यात" म्हणून वाईटपणाही मीच घ्यायचा.

गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट, ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरतात, खाली गेलं की पॉइंटामागं कापतात, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. त्यामुळं जरा शेफारले होते. पहाटे एका केंद्रावर जाऊन बसले, तर सेक्रेटरी मशीनवर नोंद करून शेजारच्या वहीतही लिहीत होते. "लाइट गेली की हीच," म्हणाले. वही चाळली. उत्पादकाच्या एकाच कोडवर गाय नि म्हैस. पेंडीची उचल. भाऊ वेगळे निघालेत, पण कोड अजून थोरल्याचाच. मीटिंगमध्ये यातलं अक्षरही कुणी बोललं नव्हतं. माझं निम्मं काम त्या वहीतच होतं.

तरी चुकलेच. दूध घातलं की उत्पादकाच्या मोबाइलवर मेसेज जाईल, पावती बंद, असं मी लिहिलं होतं आणि सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. चाचणीच्या दिवशी एक बाई म्हणाली, "फोन मालकांकडं, ते गेलेत कारखान्यावर. फॅट किती लागली ते मला कसं कळायचं?"

घाम फुटला मला. आपल्याकडं तरी दुसरं काय? कोड बाबांच्या नावावर आणि किटली कायम आईच्या हातात. पावती परत आणली, शिवाय दुसऱ्या नंबरची सोय केली.

आई, दहा दिवसांचं बिल आलं की तू डब्यातल्या पावत्या काढून ताळा करायचीस ना? जुन्या असतील तर दोन्ही बाजूंचे फोटो पाठव. मागं तू पेन्सिलीनं काहीतरी लिहायचीस. काय लिहायचीस, ते मी कधी विचारलंच नाही.

तुमची,
सोनू