हॉस्पिसमधल्या स्वयंसेवकांचे आभार, नेमके कशाबद्दल

स्वयंसेवक मित्रमैत्रिणींनो,

'तुमच्या सेवाभावाला सलाम' असं लिहून मोकळं होता आलं असतं. पण त्यातून तुम्ही हॉस्पिसमध्ये, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या आपल्या संस्थेत, नक्की काय करता हे कुणालाच कळत नाही, म्हणून जरा तपशिलात लिहितो आहोत.

आधी कूस बदलण्याबद्दल. रुग्णाला स्वतः हलता येत नसेल तर साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते आणि त्याला दोन माणसं लागतात. एकट्यानं ओढलं की कातडी गादीवर घासते, आतून ताणली जाते आणि माकडहाडापाशी जखम धरते. तुम्ही पलीकडे उभे राहता, कमरेखालच्या आडव्या चादरीची कड घट्ट गुंडाळून धरता आणि आमच्या 'तीन'ला उचलता. मग पाठीमागे उशी सरकवून अंग ३० अंशांत कलतं ठेवायचं, एक उशी गुडघ्यांमध्ये, एक पोटऱ्यांखाली, म्हणजे टाचा गादीला टेकत नाहीत. हवेची गोल रिंग देऊ नये, तिच्या कडेवर दाब येऊन रक्तपुरवठा अडतो, हे घरच्यांना बहुतेक वेळा तुम्हीच समजावता.

त्याहून मोठं काम तुमच्या वहीचं. '३.१०ला कण्हले, उजव्या कुशीवर. ३.४५ला शांत.' अशा चार नोंदी सापडल्या की मॉर्फिन या वेदनाशामकाचा नियमित डोस पुरतोय की नाही ते डॉक्टरांना कळतं. तोंडानं दिलेलं मॉर्फिन लागू पडायला अर्धा तास तरी जातो; तेवढं थांबून मगच अंग पुसायला घ्यायचं, हे तुम्ही पाळता. मॉर्फिननं बद्धकोष्ठता होतेच, आणि ज्याला सगळे वेदना समजतात ती तळमळ कधी कधी साचलेल्या शौचाची किंवा तुंबलेल्या लघवीची असते. 'तीन दिवस शौचाला नाही' ही ओळ म्हणूनच मोलाची. फेंटानिल या वेदनाशामकाची पट्टी कातडीवर चिकटवलेली असते; तिच्यावर कुणी मायेनं गरम पाण्याची पिशवी ठेवली, तर उष्णतेनं औषध भराभर शोषलं जातं, गुंगी वाढते, श्वास मंदावतो. अशी पिशवी दिसताच तुम्ही ती बाजूला करता आणि लगेच नर्सला कळवता.

घरच्यांना सगळ्यात जड जातं ते खाणं सुटणं. उपाशी ठेवल्यामुळे माणूस चाललाय, असं त्यांना वाटत राहतं. शरीर आवरतं घेऊ लागलं की भूक आपोआप जाते, आणि गिळता येत नसताना घातलेला घोट श्वासनलिकेत उतरतो. हे नुसतं सांगून भागत नाही, हातांना काम द्यावं लागतं. स्पंजची काडी पाण्यात बुडवून, पाणी ठिबकणार नाही इतकी पिळून, गालाच्या आतून आणि जिभेवरून कशी फिरवायची ते तुम्ही मुलांना, सुनांना शिकवता. ऑक्सिजन चालू असेल तर ओठांना तेलकट मलम न लावता पाण्यात विरघळणारं जेल. धाप लागली तर छोटा पंखा चेहऱ्यासमोर धरायचा. गालांवर गार वारा लागला की अनेकांची घुसमट कमी होते. घशातली घरघर, दोन श्वासांतला लांबणारा खंड, यांची कल्पना तुम्ही आधीच देऊन ठेवता, त्यामुळे ऐनवेळी धावाधाव होत नाही. घरघर ऐकणाऱ्याला असह्य होते; रुग्णाला सहसा तिचा त्रास होत नसतो.

आधुनिक हॉस्पिस चळवळीच्या प्रवर्तक सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केलं, त्याच्या बऱ्याच आधी त्या अशाच एका संस्थेत स्वयंसेविका म्हणून जात असत. तेव्हा तुमचं काम वरचं, फुटकळ आहे असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

तुम्ही टाळता त्या गोष्टींबद्दलही आभार. औषध स्वतः देत नाही, उपचारांवर मत देत नाही, पैसे घेत नाही, 'सगळं ठीक होईल' म्हणत नाही. हे शिकायलाच जास्त वेळ लागतो. आणि रात्रंदिवस जागणाऱ्या माणसाला तीन तास सलग झोप मिळावी म्हणून खुर्चीत नुसते बसून राहता, त्याला आमच्याकडे औषध नाही. मृत्यूनंतर काही आठवड्यांनी, पाहुणे पांगल्यावर, तुमचा फोन जातो. तेव्हा दुसऱ्या कुणाचा सहसा येत नाही.

एक विनंती मात्र आहे. वहीत वेळ लिहिताना पहाट की दुपार तेही लिहा. नुसत्या '४ला दुखलं' वरून आम्हाला डोस ठरवता येत नाही.

आपली,
हॉस्पिसमधली परिचारिका आणि डॉक्टर मंडळी