पोत्यावरचा मोर अहवालात का नाही?

प्रति,
महाव्यवस्थापक

विषय : नायगाव मयूर अभयारण्यालगतची तुमची डिस्टिलरी आणि परस्पर 'निकाली' काढलेली माझी तक्रार

महोदय,

काल संध्याकाळी तुमच्या हेल्पलाइनला चौथा फोन केला. फोन ठेवतो न ठेवतो तोच मेसेज आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. कृपया आमच्या सेवेला पाचपैकी गुण द्या.' म्हणून हे पत्र.

मी तुमचं गिऱ्हाईक आहे. तुमचं मळीपासूनचं १४.५ टक्के पालाशचं (पोटॅशचं) खत तीन वर्षं रानात टाकतोय. हेल्पलाइनचा नंबर त्याच पोत्यावर मिळाला, पिसारा फुलवलेल्या मोराच्या खाली. आणि ग्रामपंचायतीत ठेवलेल्या तुमच्या डिस्टिलरीच्या पर्यावरण परिणाम अहवालाच्या मराठी सारांशात लिहिलंय की १० किलोमीटर परिघात 'उल्लेखनीय वन्यजीव आढळत नाहीत'. १९९४ साली सरकारने इथं सुमारे ३० चौरस किलोमीटरचं अभयारण्य केलं ते काय कोंबड्यांसाठी?

हेच मी फोनवर विचारलं. आधी 'खताच्या गुणवत्तेसाठी एक दाबा'. मग गाणं. मग एक ताई आल्या. पाटोदा म्हणजे पैठणजवळ का, असं विचारून झालं. मग म्हणाल्या,
"सर, हे मोर आपल्या मालकीचे आहेत का?"
मी म्हटलं, मोर कुणाच्या मालकीचा असतो का?
"म्हणजे आपण बाधित नाही. बाधित असाल तर सातबारा अपलोड करा. त्यावर नोंद असेल तर तक्रार पुढे पाठवते."
सातबाऱ्यावर विहीर लागते, बोअर लागतं, आंब्याची झाडं लागतात. मोर कोणत्या रकान्यात लावायचा ते तलाठ्याला विचारून कळवतो, म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या, "चालेल सर, धन्यवाद." त्या लेकराचा दोष नाही, समोर लिहून दिलेलं वाचत होती. लिहून कुणी दिलं, ते तुम्ही शोधा.

आता त्या अहवालावरची जनसुनावणी. ती ठेवली ऐन डिसेंबरात. दसरा-दिवाळी झाली की आमचं निम्मं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला जातं. हे तुम्हाला ठाऊक नाही म्हणू नका, कारण टोळ्यांना उचल तुम्हीच देता आणि न्यायला ट्रकही तुमचेच येतात. म्हणजे आधी माणसं उचलून न्यायची, मग मंडप टाकून विचारायचं, कुणाची हरकत आहे का? तुमचे अधिकारी म्हणतात, तारीख प्रदूषण मंडळ ठरवतं. खरंय. पण मंडळाला सुनावणी अर्ज आल्यापासून ४५ दिवसांत घ्यावी लागते, आणि अर्ज कधी टाकायचा ते तुमच्या हातात होतं.

एक लिटर स्पिरिटमागे आठ ते पंधरा लिटर काळं सांडपाणी निघतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. तेच जाळून उरलेल्या राखेचं पालाश तुम्ही आम्हाला विकता. पण पावसाळ्यात साठवण तलाव फुटला तर? खालचा ओढा मांजरा नदीला मिळतो. मांजरा धरणाचं पाणी लातूर पितं, त्याच लातूरला २०१६ साली रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आणि लांडोर अंडी घालते ती पावसाळ्यातच, जमिनीवर, झुडपाखाली. पण असो, तुमच्या अहवालात लांडोरही नाही. पोत्यावर मात्र मोर आहे.

गुढीपाडव्याला टोळ्या परत येतील. सुनावणी त्यानंतर घ्यायला तुम्ही स्वतः मंडळाला लेखी विनंती करा. नाही केलीत तर गावात आहेत तेवढे म्हातारे मंडपात बसतील, एकेक उठून बोलेल, आणि चित्रीकरण बंद करायचा अधिकार तुम्हाला नाही. १९७२ च्या कायद्यात मोर पहिल्या अनुसूचीत आहे, तेही तिथंच वाचून दाखवू. कृषी केंद्रवाल्याला सांगून ठेवलंय, आमच्या गावात तुमचं पोतं उतरवू नको.

चांगला माल देत होता हो तुम्ही. त्याचंच वाईट वाटतं.

तुमचा (अजून तरी) ग्राहक,
ता. पाटोदा, जि. बीड

ता. क. : दोन पोती न फोडता पडून आहेत. गाडी पाठवून उचला. टोळ्या न्यायला पाठवता तशी.