छिद्रं किती हे राहू द्या, हाड किती उरलंय ते विचारा

संपादक महोदय,

तुमच्या आरोग्य पुरवणीत दुर्बिणीतून होणाऱ्या खांद्याच्या ऑपरेशनवर लेख आला होता, तो आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर इतका फिरला आणि त्याखाली इतके प्रश्न आले की शेवटी पत्र लिहायलाच बसले. लेख वाईट नव्हता. पण सगळा भर कशावर तर तीन बारीक छिद्रं, लगेच डिस्चार्ज, व्रण दिसतसुद्धा नाही वगैरे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, ऑपरेशन करत नाही, पण ऑपरेशननंतरचे कितीतरी महिने पेशंट माझ्यासमोर असतो आणि कुणाचं टिकलं कुणाचं नाही हे मला दिसतं. वारंवार निखळणारा खांदा पुन्हा निखळणार की नाही हे बरंचसं वाटीचं हाड किती शिल्लक आहे त्यावर ठरतं, आणि त्याबद्दल लेखात एक ओळसुद्धा नाही!

आता थोडं आतलं सांगते. खांद्याची वाटी म्हणतात पण वाटी कसली, बशीच ती, इतकी उथळ, आणि तिच्यावर दंडाच्या हाडाचा भलामोठा गोळा. म्हणून तर हात एवढा सगळीकडे फिरतो आणि म्हणूनच निखळतोही सगळ्यात जास्त खांदाच. वाटीच्या कडेला लॅब्रम नावाची चिवट कड असते, ती वाटीला जरा खोली देते आणि सांध्याचं कॅप्सूल, म्हणजे सांध्याभोवतीची पिशवी, नि लिगामेंट्स तिलाच धरून असतात. खांदा पुढे निखळला की ही कड पुढच्या-खालच्या बाजूला हाडावरून सुटते. लंडनचे सर्जन बँकार्ट यांनी १९२३ मध्ये याच्यावर लिहिलं म्हणून त्याला बँकार्ट लीजन म्हणतात. दुर्बिणीतून करतात ते हेच, सुटलेली कड परत हाडाला बांधायची. साधारण ४ मिलिमीटरची दुर्बीण मागून आत, पुढून एक-दोन छिद्रांतून हत्यारं, सलाइनने सांधा फुगवलेला, मग वाटीच्या कडेवर अँकर, म्हणजे दोरा जोडलेले बारीक खिळे, ठोकायचे, बहुतेक वेळा तीन किंवा जास्त, आणि त्यांच्या दोऱ्याने लॅब्रम आणि ढिलं पडलेलं कॅप्सूल वर ओढून बांधायचं. स्नायू कापावा लागत नाही, दुखतं कमी, आणि आतलं बाकी काय बिघडलंय तेही त्याच वेळी दिसतं. एवढं सगळं खरंच चांगलं आहे, त्यात वाद नाही.

पण खांदा पुन्हा पुन्हा निखळतो तेव्हा नुसती कड सुटत नाही. दर वेळी गोळा वाटीच्या पुढच्या काठावर आपटतो, काठ झिजतो नाहीतर तुकडाच उडतो, आणि तो काठ गोळ्याच्या मागच्या बाजूला रुतून तिथे खड्डा पडतो, ज्याला हिल आणि सॅक्स या दोन डॉक्टरांच्या नावाने ओळखतात, त्यांचा पेपर १९४० चा. आता काठच उरला नसेल तर कड बांधणार कशाला? २००० साली बर्कहार्ट आणि डी बीअर यांनी दुर्बिणीतून केलेल्या १९४ बँकार्ट ऑपरेशन्सचा हिशोब मांडला. ज्यांचं हाड फारसं गेलेलं नव्हतं त्यांच्यात साधारण ४ टक्के खांदे पुन्हा निखळले, ज्यांचं बरंच गेलं होतं त्यांच्यात ६७ टक्के! ऑपरेशन तेच, छिद्रं तेवढीच, फरक फक्त हाडाचा. तो पेपर येऊन पाव शतक झालं आणि तरी पेशंट अजून विचारतो काय, तर टाके किती पडणार.

साधारणपणे वाटीची रुंदी २० ते २५ टक्के गेली की नुसती कड बांधून भागत नाही असं धरतात, आणि अलीकडे तर त्याहून कमी झीज असली तरी, विशेषतः अंगाला अंग भिडणारे खेळ खेळणाऱ्यांमध्ये, सर्जन सावध होतात. मग लाटार्जेचं ऑपरेशन येतं. फ्रान्समधल्या लिओंच्या मिशेल लाटार्जे यांनी ते १९५४ मध्ये मांडलं. खांद्याच्या पात्याच्या हाडाला पुढे कोरॅकॉइड नावाचा चोचीसारखा भाग असतो, तो त्याच्या स्नायूंसकट कापून वाटीच्या झिजलेल्या काठावर स्क्रूने बसवायचा, म्हणजे हाडही भरून निघतं आणि हात वर-मागे गेला की ते स्नायू गोळ्याला पुढून पट्ट्यासारखं अडवून धरतात. हे आजही खूप ठिकाणी काही सेंटिमीटरचा छेद घेऊनच करतात. फ्रान्सच्याच लाफोस यांनी २००७ मध्ये ते पूर्ण दुर्बिणीतून करायची पद्धत प्रसिद्ध केली, पण हाताच्या महत्त्वाच्या नसा तिथे अगदी खेटून असतात आणि हात बसायला सर्जनला बराच काळ लागतो. तेव्हा तुमचा सर्जन म्हणाला की मी हे उघडून करतो, तर तो मागासलेला आहे असं समजून पळू नका. गोळ्यावरचा खड्डा मोठा असेल तर त्यात मागचा स्नायूबंध शिवून खड्डा बुजवतात, त्याला रेम्प्लिसाज म्हणतात, ते मात्र दुर्बिणीतून छान होतं, हात बाहेर वळवण्यात थोडीशी कमी येऊ शकते इतकंच.

म्हणून ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी विचारायचं ते हे, की हाड किती गेलंय आणि ते मोजलंय कशावर. एमआरआयमध्ये लॅब्रम कळतो, हाडाचा नीट हिशोब मात्र थ्रीडी सीटी स्कॅनवर लागतो.

दुर्बिणीतून केलं म्हणजे चांगलंच असणार, या समजावर एक जुनी गोष्ट आठवते. हिप्पोक्रेटिसच्या काळी वारंवार निखळणाऱ्या खांद्याला काखेत तापलेल्या लोखंडी सळीने डाग द्यायचे, उद्देश हा की व्रण आखडून सांधा घट्ट होईल. वाचून अंगावर काटा येतो ना? आणि मग १९९० च्या दशकाच्या शेवटी तीच कल्पना नव्या कपड्यात आली, दुर्बिणीतून बारीक प्रोब घालून ढिलं कॅप्सूल उष्णतेने आकसवायचं, टाका नाही, अँकर नाही, काम झटपट. काही वर्षांत कळलं की कॅप्सूल पुन्हा सैल होतंय, काहींच्या नसेला इजा झालीय आणि काही तरुण पोरांच्या सांध्यातली कूर्चाच विरघळल्यासारखी नाहीशी झालीय. पद्धत गुंडाळली गेली. छिद्रं तिथेही छोटीच होती.

आता माझ्या खात्यातलं. बाहेरची जखम दहा-बारा दिवसांत भरते, पण आतली कड हाडाला धरायला लागणारे महिने छेद छोटा असो की मोठा, तेवढेच लागतात. गंमत अशी की दुखणं कमी असल्यामुळेच गडबड होते. तिसऱ्या आठवड्यात एखादा पोरगा स्लिंग हातात घेऊन येतो, अंगावर नाही, हातात, आणि म्हणतो मॅडम काहीच दुखत नाहीये, हे बघा, आणि हात बाहेर वळवून दाखवतो, म्हणजे नेमकी तीच हालचाल जी नव्या टाक्यांवर सगळ्यात जास्त ताण देते! माझा जीव वर-खाली होतो. सर्वसाधारणपणे चार ते सहा आठवडे स्लिंग, हात बाहेर वळवण्यावर मर्यादा, मग हळूहळू हालचाल, ताकदीचे व्यायाम साधारण तीन महिन्यांच्या पुढे आणि टक्कर होणारा खेळ सहा महिन्यांच्या आसपास, तेही ज्याने त्याने आपल्या सर्जनला विचारूनच.

आणि मैदानावर सोडायच्या आधी मी कॅलेंडर बघत नाही, चेहरा बघते. पेशंटला झोपवून हात काटकोनात बाजूला, कोपर वाकवलेलं, आणि पंजा सावकाश डोक्याच्या दिशेला मागे न्यायचा. खांदा अजून भरवशाचा नसेल तर दुखायच्या आधीच भुवया आक्रसतात आणि त्याचा दुसरा हात येऊन माझं मनगट पकडतो. तो हात आला की मॅच विसरायची.

पहिल्यांदाच निखळलेल्यांनी लगेच ऑपरेशन करावं का, हाही प्रश्न ग्रुपवर होता. विशीच्या आतले आणि अंगाला भिडणारे खेळ खेळणारे यांना पुन्हा निखळायचा धोका बराच जास्त, त्यामुळे त्यांच्याशी सर्जन लवकर बोलतात. पण स्वीडनमध्ये होवेलियस यांनी पहिल्यांदा खांदा निखळलेल्यांचा २५ वर्षं मागोवा घेतला, त्यात ऑपरेशन न केलेल्या १२ ते २५ वयाच्या पोरांपैकी जवळजवळ अर्ध्यांचा खांदा पुन्हा निखळला नाही किंवा कालांतराने आपोआप स्थिर झाला. म्हणजे सरसकट सगळ्यांना टेबलावर घ्या असंही नाही. चाळिशीनंतर निखळला तर काळजी वेगळी, तिथे रोटेटर कफचा, म्हणजे गोळ्याला वेढून धरणाऱ्या स्नायूंचा, स्नायूबंध फाटलाय का ते आधी बघायचं. आणि ज्यांचे सगळेच सांधे जन्मापासून लवचिक आहेत, खांदा पुढे-मागे-खाली सगळीकडे सरकतो, त्यांच्यासाठी पहिला इलाज कित्येक महिन्यांचा व्यायाम, दुर्बीण नंतर, लागलीच तर.

लेखात एक अजून राहून गेलं. फिट आल्यावर किंवा विजेचा झटका बसल्यावर खांदा मागच्या बाजूला निखळू शकतो, आणि समोरून काढलेल्या एक्स-रेमध्ये तो कधी कधी जवळजवळ नॉर्मल दिसतो, मग मुका मार आहे म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवतात आणि पुढे आठवडे निघून जातात. अशा माणसाचा हात पोटाशी आत वळलेला राहतो आणि बाहेर वळतच नाही, कितीही प्रयत्न करा. असं दिसलं तर काखेच्या बाजूने घेतलेला दुसरा एक्स-रे त्याच दिवशी मागून घ्या.

आपली,
एक वाचक, फिजिओथेरपिस्ट